पाणी बदललं की डिस्कस काळे पडतात? औषधाआधी घड्याळ बघा

"भाऊ, पाणी बदललं की सगळेच्या सगळे काळे पडून राहिले. दोन दिवसांनी आपोआप ठीक होतात. पुढच्या रविवारी पुन्हा तेच." नागपुरात घरच्या काचेच्या टाकीत डिस्कस मासे ठेवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार आहे. चित्रही ठरलेलं असतं. अंगावरचे उभे नऊ पट्टे गडद होतात, पंख मिटतात, सगळी टोळी हीटरच्या मागे नाहीतर मागच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं उभी राहते आणि दाण्याकडे कोणी ढुंकून बघत नाही. मग दुकानातून एक निळं औषध येतं, एक पिवळं येतं, मूठभर खडेमीठ पडतं. दोन दिवसांनी मासे उजळतात आणि श्रेय औषध घेऊन जातं. औषध टाकलं नसतं तरी ते उजळलेच असते, कारण बहुतेक वेळा तो आजार नसतोच.

पहिली विभागणी फार सोपी आहे. सगळे एकदम काळे पडले तर दोष पाण्यात शोधा. एकच काळा आणि बाकीचे मजेत असतील तर दोष त्या माशात किंवा त्याच्या भाऊबंदांत शोधा. या लेखात मुख्यतः पहिल्या प्रकाराबद्दल बोलू, दुसरा शेवटी घेऊ.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. पिजन ब्लड आणि त्यातून निघालेल्या जाती, म्हणजे रेड मेलन, चेकरबोर्ड वगैरे, यांच्या अंगावर हे पट्टे उमटतच नाहीत. ते घाबरले की अंगावर मिऱ्याची पूड भुरभुरल्यासारखे काळे ठिपके वाढतात, आणि काळी वाळू किंवा काळी पाठ असलेल्या टाकीत तर ते ठिपके एरवीही असतात. अशा माशांचा रंग वाचत बसू नका. पंख मिटलेत का आणि कल्ले किती वेगानं हलतात, एवढंच बघा.

आता घड्याळ. पाणी टाकल्यापासून किती वेळानं मासे बिघडले, या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मं निदान असतं. पाच-दहा मिनिटांत, दोन-चार तासांत, दुसऱ्या सकाळी आणि तिसऱ्या दिवशी, या चारही वेळांची कारणं वेगळी आहेत आणि उपायही वेगळे आहेत. तरी विचारलं की बहुतेकांचं उत्तर "असंच, पाणी बदलल्यावर" एवढंच असतं. पुढच्या वेळी वेळ लिहून ठेवा. पाणी कुठून घेतलं तेही लिहा, कारण नागपूरच्या एकेका घरात चार-चार प्रकारचं पाणी असतं: नळाचं, बोअरचं, टँकरचं आणि आरओचं.

पाच-दहा मिनिटांत बिघडले तर

नळाचं पाणी थेट पाइपनं टाकीत सोडलं आणि मासे लगेच सैरावैरा पळाले, वर येऊन धापा टाकू लागले, अंगावर दुधी पापुद्रा दिसला, तर क्लोरीन. शहराचं नळाचं पाणी मुख्यतः पेंचच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं, शुद्धीकरण केंद्रात त्यात क्लोरीन मिसळतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचलेल्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवं. माणसासाठी ते योग्यच आहे, पण माशाच्या कल्ल्यांना त्याहून कितीतरी कमी क्लोरीनही जाचतं. त्यात ते प्रमाण रोज सारखं नसतं. पावसाळ्यात नदी गढूळ झाली की तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढवावं लागतं. उंच टाकीच्या जवळच्या वस्तीत ते जास्त, लाइनीच्या टोकाला कमी. "वर्षभर थेट नळाचं टाकतो, काही होत नाही" असं म्हणणाऱ्याचे मासे जुलैमध्येच का काळे पडतात, याचं उत्तर इथे आहे. सोसायटीची जमिनीतली टाकी धुऊन वॉचमननं ब्लीचिंग पावडर टाकली असेल तर मग हिशेबच सोडा. टाकी कधी धुणार आहेत ते त्याला आधी विचारून ठेवत जा.

क्लोरीन आहे की नाही हे वासावर ठरवू नका. ओटी टेस्टची छोटी बाटली मिळते, गावोगावच्या ग्रामपंचायतींत पाणी तपासायला हीच वापरतात. नमुन्यात दोन-चार थेंब टाकले आणि पाणी पिवळं झालं की क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी मात्र मोरीत ओता, टाकीत नको.

उपाय स्वस्त आहे. सोडियम थायोसल्फेटचे खडे रसायनांच्या दुकानात मिळतात. मत्स्यालयाच्या दुकानातलं अँटी-क्लोरीन म्हणजे बहुधा हेच, पातळ केलेलं. १ मिलिग्रॅम क्लोरीन मारायला साधारण ७ मिलिग्रॅम थायोसल्फेट लागतं. १०० ग्रॅम खडे विरघळवून एक लिटर पाणी करा, त्यातलं १० मिलिलिटर १०० लिटरला घाला. म्हणजे १ ग्रॅम पडलं, आणि ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या थोड्या जास्त क्लोरीनलाही पुरतं. थोडं जास्त पडलं तरी माशांना त्रास नाही. बाटली अंधारात ठेवा, महिना-दोन महिन्यांत नवी करा.

दुकानात मागताना पूर्ण नाव घ्या. फोटो स्टुडिओच्या काळापासून थायोसल्फेटला "हायपो" म्हणतात, आणि दवाखान्याची फरशी पुसायच्या सोडियम हायपोक्लोराइटलाही "हायपो"च म्हणतात. हे दुसरं हायपो म्हणजे निव्वळ ब्लीच. क्लोरीन काढायला म्हणून ते टाकलं तर टाकीतला एकही मासा वाचणार नाही.

याच पाच-दहा मिनिटांत दिसणारं दुसरं कारण म्हणजे तापमान, आणि इथे नागपूर इतर शहरांपेक्षा वेगळं पडतं. मे महिन्यात दुपारी तीनला गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी हाताला चटका देतं. ४२ अंशांचं धरा. २०० लिटरच्या टाकीत २९ अंशांचं पाणी आहे आणि त्यातलं ६० लिटर बदललं, तर टाकी ३३ च्या घरात जाते, दहा मिनिटांत चार अंश वर. जानेवारीत सकाळी सातला गच्चीवरच्या टाकीचं पाणी १६ अंशांचं असेल तर उलट, २९ वरून २५. मग तुम्ही म्हणता हीटर आहे ना. ३०० वॉटचा हीटर २०० लिटर पाणी चार अंश वर न्यायला तीन तासांहून जास्त घेतो, तेही खोलीत काही उष्णता गेलीच नाही असं धरून. तोवर मासे कोपऱ्यात.

थर्मामीटर बादलीत बुडवायला अर्धा मिनिट लागतो. नव्या-जुन्या पाण्यात एका अंशापेक्षा जास्त फरक ठेवू नका. थोडं कोमट एकवेळ चालेल, थंड नको.

तापमानावरून एक वेगळी गोष्ट. होळी झाली की हीटर काढून माळ्यावर टाकायचा आणि दिवाळीनंतर उतरवायचा, असा आपल्याकडे रिवाज आहे. गरमीत हीटर कशाला, हे ऐकायला बरोबर वाटतं. पण मे महिन्यातच हॉलमध्ये रात्रभर एसी २४ वर चालतो, नाहीतर कूलरचा झोत थेट टाकीवर येतो. वाळ्याच्या किंवा लाकडी भुशाच्या ताट्यांतून आलेली ओलसर हवा पाण्यावरून गेली की पाणी पहाटेपर्यंत २५-२६ वर उतरतं, आणि दुपारी एसी बंद झाला की पुन्हा ३२. रोज सहा अंशांची ये-जा. डिस्कसला स्थिर ३१ चालेल, ही ये-जा चालत नाही. त्यामुळे हीटर बारा महिने २९ वर लावलेला असू द्या, लागला तर चालेल, नाही लागला तर वीज खाणार नाही. २०० लिटरला एक मोठा घेण्यापेक्षा १५०-१५० वॉटचे दोन घ्या. एखादा अडकून चालूच राहिला तर एकटा टाकी उकळू शकत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा रात्र काढून देतो.

खरं तर आपल्या हवेला गोल्डफिशपेक्षा हाच मासा जास्त मानवतो. एप्रिल-मेमध्ये गोल्डफिशवाले बर्फाच्या बाटल्या सोडत बसतात, तेव्हा डिस्कसवाल्यानं फक्त हवेचा दगड (पंपाला जोडलेला, पाण्यात बुडबुडे सोडणारा) वाढवायचा असतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, २५ अंशांना लिटरमागे साधारण ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ ला सव्वासातच्या आसपास. म्हणून गरमीत पाण्याचा पृष्ठभाग हलता हवा. डिस्कसच्या टाकीत बर्फ नको.

दोन-चार तासांत बिघडले तर

हे सगळ्यांत चकवणारं आहे. पाणी बदललं, तापमान जुळलेलं, अँटी-क्लोरीन टाकलेलं, तासभर मासे व्यवस्थित पोहतात. संध्याकाळपर्यंत सगळे काळे. ही तक्रार बेसा, बेलतरोडी, मनीषनगर, हुडकेश्वर अशा बोअर किंवा टँकरवर चालणाऱ्या भागांतून जास्त येते, आणि जिथे आरओ आहे तिथूनही येते. दोन्हीकडे पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी आहे ते सांगणारा आकडा, हलतो, मात्र कारणं वेगळी.

आधी बोअर. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो. बोअरमधून ताजं काढलेलं पाणी तपासलं तर पीएच सातच्या आसपास दिसतो आणि आपण समाधानानं टाकीत ओततो. हवेचे बुडबुडे लागले की तो वायू उडून जातो आणि तेच पाणी काही तासांत आठच्या जवळ पोचतं. म्हणजे बदल पाणी टाकताना होत नाही, टाकल्यावर टाकीतच होतो. शहाणपण एवढंच की ताज्या पाण्याचा पीएच खरा मानू नये. एक बादली भरा, हवेचा दगड सोडा, आत्ता पीएच मोजा आणि चोवीस तासांनी पुन्हा मोजा. दुसरा आकडा तुमच्या पाण्याचा खरा पीएच. माझ्या मते डिस्कस आणायच्या आधी प्रत्येकानं ही एक चाचणी करावी, बाकीच्या नंतर.

आता आरओ. डिस्कस हा अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा, तिथलं पाणी मऊ आणि आम्लधर्मी, म्हणून त्याला निव्वळ आरओचं पाणी द्या, हा सल्ला सगळीकडे मिळतो. रिओ नेग्रोच्या काळ्या पाण्यातून पकडून आणलेल्या हेकेल डिस्कसला तो लागूही पडतो. १८४० मध्ये हेकेल या ऑस्ट्रियन अभ्यासकानं ज्याचं शास्त्रीय वर्णन केलं तो हा मासा. पण आपल्या दुकानातला रेड टर्क्वाइज किंवा ब्लू डायमंड कधी त्या नदीत पोहलेला नाही. तो मलेशिया-थायलंडच्या किंवा चेन्नई-कोलकात्याच्या फार्मवर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेला आहे. पीएच ७.५ आणि मध्यम जड पाणी त्याला चालतं, फक्त ते रोज तसंच असावं. मऊ पाण्याची खरी गरज अंड्यांच्या वेळी पडते.

निव्वळ आरओच्या टाकीत होतं असं. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो, फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि हे करताना पाण्यातला क्षार, ज्याला आपण केएच म्हणतो, खर्च होत जातो. आरओत तो मुळातच नसतो. मग पीएच हळूहळू सहाच्या खाली घसरतो. तिथे जीवाणूंचं कामही मंदावतं आणि अमोनिया साठू लागतो. पण गंमत अशी की कमी पीएचला तो अमोनियम या निरुपद्रवी रूपात असतो, त्यामुळे मासे खातात, पोहतात, मालक खूश. मग एखाद्या रविवारी आरओची मेंब्रेन गेलेली असते नाहीतर लाइट गेलेली असते, आणि "एक वेळ चालतं" म्हणून नळाचं किंवा बोअरचं पाणी पडतं. पीएच सहावरून आठकडे जातो. पीएच एका अंकानं वाढला की विषारी अमोनियाचा वाटा साधारण दहापट होतो. २८-२९ अंशांना पीएच ६ असेल तर एकूण अमोनियाच्या ०.१ टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो, पीएच ८ ला तोच साडेसहा-सात टक्के होतो. पाणी स्वच्छ टाकलं, जास्तच स्वच्छ टाकलं, आणि मासे त्यातच होरपळले.

इथे टीडीएस मीटर काहीही मदत करत नाही. आरओवाल्या टेक्निशियनमुळे घरोघरी तो पेन आला आहे आणि लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. "टीडीएस ८० आहे, एकदम मस्त पाणी." टीडीएस क्लोरीन सांगत नाही, पीएच सांगत नाही, अमोनियाही सांगत नाही. पाण्यात एकूण किती क्षार विरघळलेत एवढंच तो सांगतो. तेवढ्याच पैशांत अमोनिया आणि पीएचच्या थेंबांच्या किट घ्या. केएचचीही मिळाली तर उत्तम.

उपाय म्हणजे आरओ बंद करणं नाही. तुमचं पाणी किती जड आहे त्यावर आरओ आणि नळ यांचं मिश्रण ठरवा, निम्मंनिम्मं धरून सुरू करा, केएच ३-४ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका, आणि एकदा ठरवलं की प्रमाण सोडू नका. आरओ बिघडला तर त्या आठवड्यात पाणी थोडं बदला, पण अचानक दुसरंच पाणी ओतू नका. आज ज्यांची टाकी निव्वळ आरओवर चालते त्यांनी महिनाभरात, प्रत्येक वेळी नळाचा वाटा थोडा थोडा वाढवत, मिश्रणावर यावं. त्याआधी टाकीतला अमोनिया तपासा. किटवर रंग आला तर आधी आरओच्याच पाण्यानं रोज थोडं थोडं बदलून तो उतरवा, मग नळाचं पाणी सुरू करा.

उन्हाळ्यात यात एक छुपी भर पडते. कोरड्या हवेत, त्यात कूलर सुरू असेल तर, चार फुटी टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर पाणी उडून जातं. उडतं ते निव्वळ पाणी, क्षार मागेच राहतात. आपण वरून बोअरचं पाणी घालून पातळी भरतो, आणि दोन महिन्यांत टाकी बोअरपेक्षाही जड होते. मग एका दिवशी मोठा पाणीबदल केला की तो धक्का उलट्या दिशेनं बसतो. उडालेल्या पाण्याची भरपाई फक्त आरओनं करा. निव्वळ आरओ बिनधास्त वापरायची जागा ती हीच.

दुसऱ्या सकाळी बिघडले तर

पाणी काढताना हीटर बंद केला आणि चालू करायचा राहिला. जानेवारीत नव्वद टक्के वेळा एवढंच असतं. (हीटर बंद करावा लागतोच, उघडा पडला तर काच तडकते.) स्विचला चिकटपट्टीवर लिहून लावा.

हीटर चालू असेल तर काचेवर आणि माशांच्या पंखांवर बारीक बुडबुडे चिकटलेत का ते बघा. थंड, दाबाखालच्या नळाच्या पाण्यात जास्तीचे वायू असतात, टाकीत गरम झालं की ते बाहेर पडतात. हेच बुडबुडे माशाच्या अंगातही तयार होऊ शकतात. आधी साठवून हवा दिलेलं पाणी वापरलं की हा प्रश्न उरत नाही.

तिसऱ्या दिवशी बिघडले तर

पाणी ठीक होतं, मेला तो फिल्टर. स्पंज नळाखाली खळखळून धुतला, किंवा क्लोरीनचं पाणी फिल्टरमधून गेलं, की जीवाणू मरतात आणि दोन-तीन दिवसांत अमोनिया, मागोमाग त्यातूनच बनणारं दुसरं विष, नायट्राइट, वाढतं. कल्ले तपकिरी दिसतात, श्वास जोरात, वर प्राणवायू भरपूर असूनही. नायट्राइट किटवर दिसलं तर लिटरमागे १ ग्रॅम मीठ घाला. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आपल्याकडे मीठ प्रत्येक रोगावर टाकतात, पण त्याचं खरंखुरं काम या ठिकाणी आहे. स्पंज नेहमी टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा, आणि ज्या दिवशी मोठा पाणीबदल त्या दिवशी फिल्टरला हात लावू नका.

मे-जूनच्या वादळात तीन-चार तास लाइट गेली तर कॅनिस्टर फिल्टरच्या बंद डब्यातलं पाणी सडतं. लाइट आल्यावर तो तसाच सुरू झाला की ती घाण एका दमात टाकीत. आधी डबा रिकामा करा, मग सुरू करा. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर एवढी जोडी प्रत्येक डिस्कसवाल्याकडे असावीच.

कायमचा उपाय: निळा ड्रम

वरच्या बहुतेक भानगडी एका गोष्टीनं मिटतात, ती म्हणजे २०० लिटरचा निळा प्लास्टिक ड्रम. ज्यात आधी खाण्याची वस्तू होती असाच घ्या, रसायनाचा स्वस्त मिळाला तरी नको. ठरलेल्या प्रमाणात नळ आणि आरओचं पाणी भरा, थायोसल्फेट घाला, हवेचा दगड सोडा, हिवाळ्यात हीटर सोडा आणि चोवीस तास तसंच राहू द्या. क्लोरीन गेलं, जास्तीचे वायू गेले, पीएच स्थिरावला, तापमान जुळलं. बाल्कनीत ठेवणार असाल तर उन्हापासून झाका.

ड्रममधून टाकीत पाणी चढवायला कूलरचा छोटा पंप आणि पारदर्शक नळी पुरते. तो पंप नागपुरात कोणत्या घरी पडून नसतो? संथ चढतो हेच चांगलं, ६० लिटरला अर्धा तास लागू द्या. पण कूलरच्या त्याच गंजक्या, फरशीची पावडर आणि डासांचं औषध लागलेल्या पंपाला हात लावू नका, नवा घ्या. आणि पाण्यात हात घालायच्या आधी पंप व हीटरचे दोन्ही प्लग काढा. स्वस्त पंपाचं अर्थिंग नावापुरतं असतं.

किती आणि किती वेळा? आठवड्याला एकदम ६० टक्के बदलण्यापेक्षा दोन-तीनदा २५-३० टक्के. प्रत्येक वेळचा धक्का लहान होतो आणि टाकीतलं व ड्रममधलं पाणी एकमेकांपासून फार लांब जात नाही. वाढत्या पिल्लांना जास्त लागतं, रोज दिलं तरी चालेल, ड्रमचंच.

आत्ता समोर काळे पडलेत तर

लाइट बंद करा. हवा वाढवा. एक दिवस खाऊ घालू नका, ते खाणार नाहीत आणि पडलेला दाणा पाणी आणखी बिघडवेल. तापमान बघा. नळाचं पाणी वापरलं असेल तर पूर्ण टाकीच्या हिशेबानं थायोसल्फेट पुन्हा घाला.

मग अमोनिया तपासा, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. अमोनिया शून्य असेल तर आणखी काही करू नका. लोक इथे घाबरून पुन्हा निम्मं पाणी बदलतात आणि दुसरा धक्का देतात. अमोनिया दिसत असेल आणि पीएच वर गेलेला असेल तर मात्र क्लोरीन काढलेलं, त्याच तापमानाचं आणखी ३०-४० टक्के पाणी बदला. पीएच जायचा तो वर गेलेलाच आहे, आता विष पातळ करणं महत्त्वाचं. लिंबू, व्हिनेगर किंवा पीएच डाउनच्या गोळीनं पीएच खाली ओढू नका, तो रात्रीतून परत वर येतो आणि माशांना दोन्ही बाजूंनी मार बसतो.

पाण्याशी संबंध नसलेली, तरी सगळे एकदम बिघडवणारी एक गोष्ट इथेच सांगतो. पावसाळ्यात डेंग्यूच्या भीतीनं घरात रात्रभर डासांची मशीन चालते आणि टाकीचा हवेचा पंप त्याच बोर्डवर, शेजारच्या प्लगमध्ये असतो. पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. मशीनच्या द्रवातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं माणसाला फार त्रास देत नाहीत, माशांना मात्र अतिशय विषारी आहेत. पंप दुसऱ्या खोलीत किंवा खिडकीजवळ न्या, मशीन टाकीपासून लांब. फवारणीची गाडी गल्लीत आली की पंप तासभर बंद आणि टाकीवर ओली चादर.

आणि एकच काळा असेल तर

तीन किंवा चारच डिस्कस असतील तर एकजण मार खाणार हे धरून चाला. दाण्याच्या वेळी दहा मिनिटं लांब उभं राहून बघा, कोण कोणाला हाकलतं ते दिसेल. सहा-सात मासे ठेवले की मार वाटला जातो आणि एकावर बेतत नाही.

मारामारी नसेल तर विष्ठा बघा. पांढरी, दोऱ्यासारखी लोंबणारी, पोट आत गेलेलं, दाणा तोंडात घेऊन थुंकतो, कपाळावर टोचल्यासारखे खड्डे, असं असेल तर आतड्यातल्या परजीवींचा संशय घ्यायला जागा आहे. त्यावर मेट्रोनिडाझोल वापरतात. एक कल्ला मिटून एकाच बाजूनं श्वास घेत असेल, अंग वस्तूंवर घासत असेल, तर कल्ल्यांतले फ्लूक नावाचे बारीक कृमी, त्यावर प्राझिक्वांटेल. दोन्ही औषधं मुख्य टाकीत ओतू नका. वेगळी छोटी टाकी, स्पंज फिल्टर, ड्रमचंच पाणी, ३० अंश तापमान, आणि एका वेळी एकच औषध. आजारी माशाला त्या टाकीत हलवताना जाळीपेक्षा हात किंवा प्लास्टिकचा मग बरा, जाळीत पंखाचे काटे अडकतात.